गाड्या कोणी ओढल्या

२ मे

आरोपीच्या बाजूने रिमांडला स्वतः गेले. हाताखालचा हितेंद्र म्हणाला, "मॅडम, मी जातो ना, बाहेर ऊन बघा." ऊन काय, मे महिन्यात असायचंच! धुळ्यात राहून उन्हाचं कौतुक सांगतो.

आरोपी रुपचंद भगत, साठी ओलांडलेले, शिरपूर तालुक्यातले. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, बारागाड्या. एकामागे एक बांधलेल्या बारा बैलगाड्या, वर माणसं खच्चून, बैल एकही नाही. पहिल्या गाडीचं जू भगताच्या, ज्याच्या अंगात देवी येते त्याच्या खांद्यावर. मरीमातेच्या देवळापासून वेशीपर्यंत तो पळतो आणि गाड्या मागे पळतात. लहानपणापासून बघत आले आहे. यंदा उतारावर रस्त्याच्या कामाची खडी पसरलेली. भगताच्या बाजूने खांद्याला खांदा लावून पळतो तो बगल्या — स्वप्नील नावाचा तरुण — खडीवरून घसरला आणि पहिल्या गाडीच्या चाकाखाली गेला. जागीच गेला.

गुन्हा निष्काळजीपणाचा नाही, सदोष मनुष्यवधाचा. का, तर यात्रेच्या पंचांचं म्हणणं — "खडी आहे, वरच्या रस्त्याने न्या, असं भगताला बजावलं होतं. त्याने ऐकलं नाही." पाच पंच, पाच जबाब, वाक्य एकच. स्वल्पविरामसुद्धा त्याच जागी!

गाड्यांवर सगळं गाव. गाड्यांमागे सगळं गाव. अटक एकाला.

त्यांच्या मानेवर यात्रेची हळद तशीच होती. न्यायदंडाधिकाऱ्यांनी अजून काही विचारलंही नव्हतं, तर म्हातारा मोठ्याने — "गाड्या मीच वढ्यात." मी हात आडवा धरला. "आबा, तोंड बंद." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. घरात नवीन आलेल्या अगोचर सुनेकडे बघावं, तसं.

३ मे

सकाळी चहा घेताना एकदम लख्ख दिसलं आणि मी एकटीच हसले.

हा खटला उभा राहायचा तर सरकारी वकिलांना काय सिद्ध करावं लागेल? साठीतल्या माणसाने, बैलाशिवाय, माणसांनी भरलेल्या बारा गाड्या ओढल्या! म्हणजे मरीमातेचा चमत्कार सरकारने सिद्ध करायचा. आणि आम्ही फक्त म्हणायचं — साहेब, शक्य नाही. मागून शेकडो हात ढकलतात, पुढचा माणूस पळतो. पळणारा थांबला तर तोच चाकाखाली जाईल. मग यात त्याचा गुन्हा कुठला?

इतक्या वर्षांच्या वकिलीत इतका सरळ बचाव आयता हातात आला नव्हता. माझे वडील, अप्पा, दीपनगरच्या वीजकेंद्रात टर्बाईनवर होते. म्हणायचे, कुठलंही यंत्र एका माणसाने चालत नाही, बाळ. आज तेच वाक्य कामी येणार.

ऑफिसातल्या नव्या निलोफरला सांगितलं, इंजिनिअरिंग कॉलेजातला एखादा प्राध्यापक शोध, वजनाचं गणित मांडणारा. ती म्हणाली, "मॅडम, गणितात देवी कुठे धरायची?" पोरगी हुशार आहे. जीभ जरा जास्त चालते.

६ मे

जेलमध्ये भेट. नियमाप्रमाणे आधी नाव, मग घर, मग माणसं, आणि गुन्हा सगळ्यात शेवटी. घाई केली की अशील आपल्याला हवं ते बोलतो, त्याचं बोलत नाही. हे मी ऑफिसातल्या सगळ्यांना पहिल्या दिवशी शिकवते.

बचाव समजावून सांगितला. अगदी सोपा करून. ऐकून घेतलं, मग म्हणाले, "मना बाप वढे. मना आजा वढे. मी वढस."

"आबा, बारा गाड्या एका माणसाने ओढता येत नाहीत."

"मी वढस."

"मागून लोक ढकलतात ना!"

"ढकलतस नही. हात लावतस." हे मात्र एकदम कडक.

पुढे ऐकवलं — नवस असतो, ज्याला जमेल तो गाडीला हात लावतो. बायका, पोरं, म्हातारेसुद्धा. हात लावणं वेगळं, ओढणं वेगळं. अहिराणी मला कळते, आईचं माहेर तिकडचंच. तरी वाटलं, मला पहिलीत बसवलंय.

निघताना विचारतात, "तुमनं हापिस कोन चालाडस?"

म्हटलं, "मी."

"मंग ह्या पोरे काय करतस?" निलोफरकडे बोट! ती खो खो हसत सुटली. जेलच्या शिपायालाही हसू आवरेना. मी नाही हसले.

७ मे

हितेंद्रशी वाद. तो माझा उपमुख्य, उद्या माझ्या खुर्चीवर बसायचा आहे. म्हणून जास्तच बोलले.

त्याचं म्हणणं — "मॅडम, अशील अडाणी आहे. सुटका करायची आपली जबाबदारी. त्याला काय कळतंय? आपण आपला बचाव मांडायचा."

भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे मी स्वतः लावलेल्या पाटीवर दोनच नियम आहेत. अशिलाला बसून भेटल्याशिवाय कोर्टात उभं राहायचं नाही. अशिलाचं वाक्य बदलायचं नाही.

गरिबांना सरकारी खर्चाने वकील देणारं हे लोकअभिरक्षक कार्यालय सुरू झालं आणि मला मुख्य केलं, तेव्हा मी काय पाहून आले होते? गरिबाला मिळालेला फुकटचा वकील कोर्टाच्या दारातच पहिल्यांदा भेटायचा, कानात सांगायचा — "कबूल आहे म्हण, लवकर सुटशील." आणि माणूस जे केलं नाही ते कबूल करून घरी जायचा. त्याच्या तोंडात दुसऱ्याचं वाक्य! ते बंद करायला हे ऑफिस उभं केलं. आता वाक्य आपल्याला गैरसोयीचं आहे म्हणून बदलायचं?

हितेंद्र म्हणाला, "तो उलट करतोय, मॅडम. जे केलं नाही, तेच कबूल करतोय."

"जा, फाईल लाव," म्हटलं.

१३ मे

सुट्टीतल्या कोर्टाने जामीन फेटाळला. ठीक. जूनमध्ये पुन्हा.

१९ मे

पाचोऱ्याला कोकिळाकडे. बहिणीच्या हातचा आमरस आणि दुपारची झोप, वर्षातून एकदाच. ती म्हणाली, "अक्का, आता सोड ना हे चोरांचे खटले." म्हटलं, चोर आहे की नाही ते ठरायच्या आधीच तू चोर म्हणतेस, म्हणूनच मी सोडत नाही. भाऊजी पेपराआड लपले.

११ जून

जामीन झाला! वय, घरदार, पळून जाण्याचा संभव नाही. बारागाड्यांचा विषयच काढला नाही. अट — खटला संपेपर्यंत कुठल्याही यात्रेत भाग घ्यायचा नाही.

जेलमधून बाहेर आले तेव्हा आबांना न्यायला गावातलं कोणीच नव्हतं. पंच तर नाहीतच. स्टँडवर निलोफर सोबत गेली, शिरपूरच्या गाडीत बसवून दिलं. सांगत होती, कंडक्टरने ओळखलं आणि त्यांना पुढची सीट दिली. आबा नको म्हणाले. "पुढे बसाले बंदी शे माले," म्हणाले.

चेष्टा करत होते की खरंच, तिला कळलं नाही.

२ ऑगस्ट

दोषारोपपत्र आलं. तेच पाच जबाब. शिवाय मयताच्या आईचं नाव साक्षीदारांत — भिकुबाई. तिचा जबाब तीन ओळींचा. मुलगा भगताबरोबर दरवर्षी पळायचा. यंदा पडला. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

तक्रार नाही, तरी साक्षीदार केलीय. रडणारी आई पिंजऱ्यात दिसली म्हणजे काम झालं, असा हिशेब!

१८ ऑगस्ट

आबा ऑफिसात आले. कानबाईच्या सणाचा रोट घेऊन, सगळ्यांना पुरेल इतका. माझ्यासमोर बसले आणि मी परत तोच विषय काढला. मी हट्टी, तेही हट्टी.

आज मात्र त्यांनी दार लोटून घेतलं. हळू आवाजात —

"मी नही वढ्यात, ते मंग कोनी वढ्यात? पोलीस इचारतीन ना, ताई?"

मी पेन खाली ठेवलं.

"माले धरं, बरं व्हयनं. एक माणूस. गावले धराले लागनात ते कोनाकोनाले धरतीन?"

मी त्यांना अडाणी समजत होते! हा माणूस दोन मेपासून सगळं जाणून आहे. मी एक बचाव बघितला, त्यांनी त्या बचावाच्या पलीकडचं गाव बघितलं. गाडी ढकलणारा हात कोणाचा, हे विचारलं गेलं की त्या गावात कोणी कोणाच्या दारात पाणी पिणार नाही.

विचारलं, "आणि पंच? ते तर तुमच्यावर ढकलून मोकळे झाले."

"तेस्नी बी हात लायेल व्हता," म्हणाले आणि रोट पुढे सरकवला.

१९ ऑगस्ट

तरीही म्हाताऱ्याला तुरुंगात जाऊ देणार नाही. हे एकदा लिहून ठेवते.

नियम मोडणार नाही आणि हरणारही नाही. अशील म्हणतो मी ओढल्या. म्हणू दे. मी एकदाही "त्यांनी ओढल्या नाहीत" म्हणणार नाही. पण सरकारला त्याच्या वाक्यावर चालता येणार नाही, सिद्ध करावं लागेल. मी फक्त त्यांच्या साक्षीदारांना प्रश्न विचारीन. प्रश्न म्हणजे काही वाक्य नव्हे.

आबांना फोन करून विचारलं. म्हणाले — "त्यासले इचारा. माले नका इचारू."

परवानगी मिळाली!

६ डिसेंबर

उशीर झाला, तरी उभा राहिला खटला. हवा छान. गावाकडून भरताची वांगी आली, ऑफिसातल्या सगळ्यांनी मागच्या अंगणात भरीत केलं. परवापासून साक्षी, आणि आज ही पोरं वांगी भाजतायत! ओरडणार होते. मग निलोफरने कळण्याची भाकर हातात दिली.

९ डिसेंबर

तपास अधिकारी पिंजऱ्यात. तरुण, रुबाबदार, उत्तरं पाठ.

मी — आरोपीने गाड्या ओढल्या, असं आपलं म्हणणं?

— हो.

— एकट्याने?

— ... हो.

— बारा गाड्या? माणसांसकट?

सरकारी वकील उठले. न्यायाधीशांनी हातानेच बसवलं.

— आपण स्वतः हे शक्य आहे असं मानता?

गडी घामाघूम. "लोकांची श्रद्धा आहे," म्हणाला.

— श्रद्धा लोकांची. आपली काय?

न्यायाधीश खाली बघून लिहीत होते. पेन थांबलं होतं, पण लिहीत होते.

चहाच्या टपरीवर सरकारी वकील भेटले. जुने मित्र. "बाई, तुमचा अशील आम्हाला द्या. आमचा सगळ्यात भक्कम साक्षीदार तोच आहे!" म्हटलं, घ्या, पण मग देवीला समन्स काढावं लागेल. हितेंद्रच्या नाकातून चहा आला.

आजचा दिवस आपला.

१० डिसेंबर

पंचांपैकी दोघांची साक्ष. पहिल्याला विचारलं, आपण भगताला कुठे उभं राहून बजावलं? देवळाच्या ओट्यावर. त्या वेळी वाजंत्री चालू होती? हो. डफ, सनई? हो. आपला आवाज भगताला ऐकू गेला, हे कशावरून?

"त्यांनी मान हलवली."

"बारागाड्यांच्या आधी भगताच्या अंगात येतं ना? तेव्हा मान हलते ना?"

कोर्टात हशा. पंच टोपी नीट करू लागले. दुसऱ्याने तर वरच्या रस्त्याचं नावच चुकवलं.

मागच्या बाकावर आबा. हसले नाहीत. मान खाली.

२० जानेवारी

भिकुबाईची साक्ष उद्या. आज कोर्टाच्या व्हरांड्यात तिने मला गाठलं. हिरवा पदर, हातात पिशवी. वाटलं, शिव्या देईल. तिचा मुलगा गेला आणि मी समोरच्याची वकील!

शांतपणे बोलली, एखादी गोष्ट खूप दिवस घोकून ठेवावी तशी —

"आबांनी वढ्यात तं मना आंडोर देवीना गाड्याखाल गया. त्यासनी वढ्या नहीत, तं मंग कोनाखाल गया, बाई?"

आणि पाणी प्यायला गेली.

२१ जानेवारी

लिहायचं टाळलं असतं. पण लिहिते.

तिला मोजकेच प्रश्न ठरवले होते. हात लावायची रीत काय, कोण लावतं, एवढंच. रीत कोर्टापुढे यावी म्हणून. उलटतपासात ज्याचं उत्तर आपल्याला माहीत नाही तो प्रश्न विचारू नये, हे मीच पोरांना शिकवते.

"बाई, बारागाड्यांना गावातले लोक हात लावतात?"

"बठ्ठा लावतस."

"बायकासुद्धा?"

"हां."

"तुम्हीसुद्धा?"

"मी बी हात लायेल व्हता. सोप्यासाठे. लगीन ठरेल व्हतं ना त्यानं, तेन्हा नवस व्हता." सोप्या म्हणजे स्वप्नील. घरातलं नाव.

तिथेच थांबायला हवं होतं. पण न्यायाधीशांनी स्वतः विचारलं — "कोणत्या गाडीला?"

"पहिलीले."

आणि तिने उजव्या हाताकडे पाहिलं. अख्खं कोर्ट त्या हाताकडे बघत होतं.

मी म्हटलं, "आणखी काही विचारायचं नाही."

बाहेर हितेंद्र धावत आला — "मॅडम, झालं! आपण जिंकलो!" त्याचा दंड धरला, इतका की तो ओय म्हणाला. "आई आहे ती," एवढंच सांगितलं.

व्हरांड्यात आबा तिच्याजवळ जाऊन बसले. त्यांनी खिशातून पानाची चंची काढली आणि तिच्यापुढे धरली. तिने एक सुपारी घेतली.

१२ फेब्रुवारी

आरोपीचा जबाब. न्यायाधीश थेट आरोपीला विचारतात, वकील गप्प बसतो. सगळ्या खटल्यात मला नको असलेला एकच दिवस.

"साक्षीदार म्हणतात, गाड्या तुम्ही ओढल्या. काय म्हणायचं आहे?"

आबा सरळ उभे राहिले. गळ्यातली कवड्यांची माळ शर्टाच्या वर काढली.

"खरं शे. मीच वढ्यात. बठ्ठ्या गाड्या. कोनी ढकल्या नहीत."

हितेंद्रने कपाळाला हात लावला. मी नाही. अशिलाचं वाक्य अशिलानेच म्हटलं, पूर्ण, कोणी मध्ये न तोडता. यासाठीच तर हे ऑफिस!

निलोफर मात्र रडली. नवी आहे.

४ मार्च

शेवटचा युक्तिवाद. अर्ध्या तासात आटोपला. फापटपसारा मला आवडत नाही.

मी काय म्हटलं — सरकारने सिद्ध केलं नाही. आरोपीचा स्वतःचा शब्द हा सरकारचा पुरावा होऊ शकत नाही. खडी त्याने टाकली नाही, रस्ता त्याने ठरवला नाही, वाजंत्रीत बजावलेलं ऐकू गेलं हे दिसत नाही. आणि गाड्यांचं वजन, त्यांना लावलेले हात, या सगळ्याचा विचार कोर्टाने करावा.

"त्यांनी ओढल्या नाहीत" हे वाक्य उच्चारलं नाही. निलोफरला मुद्दाम विचारलं. "नाही मॅडम, एकदाही नाही." आणि लगेच — "पण सगळ्यांना ऐकू आलं."

जीभ!

२४ मार्च

निर्दोष!

कोर्ट भरलेलं. गावातून या वेळी दोन जीप आल्या होत्या. पंचही. निकाल ऐकताच एकाने "मरीमाता की..." म्हणायला तोंड उघडलं आणि पोलिसाने डोळे वटारले. हितेंद्र मला मिठी मारणार होता, धैर्य झालं नाही.

मुंबईहून फोन. राज्यातल्या नव्या लोकअभिरक्षकांच्या प्रशिक्षणासाठी हा खटला घ्यायचा आहे, मीच शिकवायचा. अशिलाचा मान राखून बचाव कसा करावा! हो म्हटलं. खरंच नीट केलं आम्ही. स्वतःची पाठ थोपटायला कोणी नसेल तर डायरी असते.

आबा बाहेर एका बाकावर बसले होते. पेढे नको म्हणाले.

"कोर्टनी काय लिखं, वाची दाखवा."

निलोफरने निकालातला उतारा त्यांना समजेल अशा भाषेत सांगितला — आरोपीने स्वतः कबूल केलं असलं तरी, एका माणसाने बारा भरलेल्या गाड्या ओढणं मानवी शक्तीबाहेरचं आहे. गाड्या जमावाच्या जोराने चालल्या. जमावातल्या कोणा एकावर दोष ठेवता येत नाही. सबब आरोपी निर्दोष.

"म्हंजे मी नही वढत?"

निलोफरने माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "आबा, तुम्ही सुटलात. गावही सुटलं. कोणा एकावर दोष नाही म्हटलंय. तुम्हाला हेच हवं होतं ना?"

"आसं लिखेल शे? कोर्टनी?"

"हो."

उठले. हात जोडले — मला नाही, कोर्टाच्या इमारतीला. जीपमध्ये पंचांनी पुढची जागा मोकळी करून दिली. ते मागे जाऊन बसले, भिकुबाईच्या शेजारी.

२५ मार्च

मन जरा बेचैन. थकवा असेल. माणूस सुटला. आणखी काय हवं!

७ एप्रिल

निरोप समारंभ. मुदत या महिनाअखेर संपते, पुढे वाढवून नको असं मीच लिहून दिलं. प्रशिक्षणाचं काम घेईन. हितेंद्र खुर्चीवर.

सगळे एकच रडगाणं — "मॅडम, तुमच्याशिवाय ऑफिस कसं चालणार?" सगळ्यांना चांगलंच झापलं. रिमांडला जायच्या पाळ्या लागलेल्या आहेत, भेटीची पद्धत बसली आहे, नियम भिंतीवर आहेत. कुठलंही यंत्र एका माणसाने चालत नाही. अप्पांचं वाक्य सांगितलं. टाळ्या वाजल्या.

हितेंद्र खुर्चीकडे बघत होता.

१५ एप्रिल

भिकुबाईचा फोन. नंबर निलोफरने दिला असणार.

"आखाजीले या, बाई. खापरनी पुरनपोयी खाईसन जा."

यंदा गाड्या निघणार का, विचारलं. परवानगी मिळालीय, खडी केव्हाच उचलली. वाजंत्री ठरली, गाड्याही आल्या.

"आणि आबा?"

"येतीन ना," म्हणाली. मग पुन्हा, "येतीन."

जाईन. इतका गाजलेला खटला, त्या गावच्या गाड्या डोळ्यांनी बघायला हव्यात.

१९ एप्रिल, आखाजी

परत आले. जेवले नाही.

बारा गाड्या उभ्या होत्या, माणसांनी भरलेल्या. डफ वाजत होता. रुपचंद आबा आले — अंगाला हळद नाही, पांढरा शर्ट, माळ आत. पुढे गेलेच नाहीत. सगळ्यात मागच्या गाडीपाशी आले आणि इतरांसारखा हात लावून उभे राहिले. "कोर्टनी लिखेल शे," एवढंच म्हणाले. पंचांनी दोन-तीन तरुणांना पुढे हो म्हटलं. कोणी जू उचललं नाही. मग कोणीतरी देवीचं नाव घेतलं. शेकडो हात गाड्यांना लागले. भिकुबाईचा पहिल्या गाडीला. माझाही, कुठल्या तरी.

चाक हललं नाही.

सगळे पुढे बघत उभे होते.